देवाची इच्छा की आमची हयगय?



ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची आहे. मे महिन्याच्या सुटीत भरवलेली बायबल शाळा संपली आणि शेवटच्या दिवशी मुलांना वनभोजनास न्यावे असे ठरले. आम्ही तेव्हा ऐन पंचविशीत होतो. धर्मशिक्षणाची पदविका नुकतीच हाती पडलेली, उत्साह दांडगा. बेळगावपासून काही कोसांवर नदीच्या काठी आंब्याची सावली पाहून उतरलो. प्रार्थना झाली, गीते झाली, खेळ झाले. जेवणाची पंगत बसली तेव्हा एक पत्रावळ उरली.

नऊ वर्षांचा तो मुलगा पाण्यात केव्हा उतरला हे कोणीच पाहिले नव्हते. ओरडण्याचा आवाज कोणाच्या कानी आला नव्हता. उन्हाळ्याचे पाणी, कोठेही पाहावे तर गुडघाभर. परंतु वाळू उपसून नेलेल्या जागी पुरुषभर खोलीचे खड्डे तसेच राहिले होते. मेंढरे पाण्यावर आणलेल्या एका धनगराने त्याला बाहेर काढले. मग आम्ही जे जे ऐकले होते ते ते केले. त्याला उलटे धरले, पोट दाबले, पाठीवर थापट्या मारल्या आणि मोठ्याने प्रार्थना केली. गाडी मिळून दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कबरस्थानात दोन शब्द बोलण्यास आम्हांला उभे केले. आम्ही म्हणालो, देवाची इच्छा. त्याने दिले होते, त्याने नेले. मंडळीने माना डोलावल्या. विधी संपल्यावर मुलाची आजी आमच्यापाशी आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती एवढेच म्हणाली, "देवाची इच्छा व्हय मास्तर. खरं तुम्ही पोरं मोजली होतीसा काय?"

आम्ही उत्तर दिले नाही. टेम्पोत बसवताना मोजली होती. नदीकाठी मोजली नव्हती.

त्या माउलीच्या प्रश्नात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तोच आज वाचकांपुढे, विशेषतः संडेस्कूलच्या शिक्षकांपुढे, ठेवावयाचा आहे. जे टाळता आले असते, त्याला देवाची इच्छा म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

प्रथम हे कबूल केले पाहिजे की त्या शब्दांत सांत्वन आहे. ईयोबाने सर्वस्व गमावल्यावर राखेत बसून देवापुढे मान तुकवली, ती भक्तीची पराकाष्ठा होय. परंतु ईयोबाच्या तोंडी जे शोभते ते प्रत्येकाच्या तोंडी शोभतेच असे नाही. ज्याचे गेले त्याने देवाच्या इच्छेचा आधार घेतला तर ती श्रद्धा आहे. ज्याच्या हयगयीने गेले त्याने तोच आधार घेतला तर ती पळवाट आहे. शब्द तेच, बोलणारा बदलला की अर्थ बदलतो. त्या दिवशी कबरेपाशी आम्ही आजीचे वाक्य उचलून स्वतःच्या बचावासाठी वापरले होते.

आता शास्त्र या बाबतीत काय सांगते ते पाहू. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठवे वचन आपण उपासनेत क्वचितच वाचतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशी ती आज्ञा आहे. धाब्यावरून पडणारा माणूस कोणी ढकलल्यामुळे पडत नाही. त्याचा पाय घसरतो. तरीही दोष घरमालकाचा, कारण पाय घसरतो हे त्याला ठाऊक असायला हवे होते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात याहून स्पष्ट नियम आहे. कोणी खड्डा खणून तो न झाकता सोडला आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई करावी. बैलासाठी जर देवाच्या नियमशास्त्रात इतकी काळजी आहे, तर वाळूच्या खड्ड्यात गेलेल्या लेकरासाठी किती असेल? येथे देव 'माझी इच्छा' असे म्हणत नाही. 'तुझा कठडा कोठे आहे?' असे तो विचारतो.

यहूदी शास्त्र्यांनी हा विचार आणखी पुढे नेला. त्यांच्या तालमुद ग्रंथात, किद्दुशीन नावाच्या भागात, बापाने मुलासाठी करावयाची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाला नियमशास्त्र शिकवावे, धंदा शिकवावा. आणि काही शास्त्र्यांच्या मते त्याला पोहायलाही शिकवावे, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून असेल. नियमशास्त्राच्या पंक्तीला पोहणे! आपल्या वाडवडिलांनी हा ग्रंथ वाचला नव्हता, पण पाठीला रिकामा डबा किंवा सुका भोपळा बांधून पोराला विहिरीत सोडण्याची चाल त्यांनी पाळली होती. आज गावोगावच्या विहिरी गाळाने भरल्या वा ओस पडल्या. त्यांच्याबरोबर ती शाळाही मोडली. मुले मात्र पाण्याकडे जातातच.

पाणीही रूप बदलून आपल्या दारी आले आहे. शेतकऱ्याने अवर्षणावर उपाय म्हणून शेततळे खोदले आणि पाणी मुरू नये म्हणून त्यास प्लास्टिक अंथरले. उपाय उत्तम आहे. परंतु त्या उतरत्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. पोहणारा गडीही कित्येकदा वर येऊ शकत नाही. भोवती कुंपण घातले आणि काठाच्या खुंटाला बांधून एक गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवला, तर तोच त्या तळ्याचा कठडा होय. घरात रांगते मूल असेल तर न्हाणीघरातील भरलेली बादलीदेखील विहीरच समजावी. त्या वयात डोके जड असते. वाकून पाहताना तोल गेला तर मूल स्वतः वर येत नाही, आणि त्यासाठी वीतभर पाणी पुरते.

जेथे आपली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत त्या दोन शहरांचे स्मरण या ठिकाणी होते. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरमधील एका मंदिरात जुन्या बावडीवर टाकलेले छत भाविकांच्या भाराने कोसळले आणि ३६ जण मृत्युमुखी पडले. बावडी झाकलेली होती. पण झाकणे म्हणजे नुसते डोळ्यांआड करणे नव्हे, हे त्या दिवशी कळले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. होडीत तिच्या शक्तीपेक्षा जास्त माणसे होती आणि तरंगण्याची जाकिटे सर्वांच्या अंगावर नव्हती. या दोन्ही ठिकाणी लोक वाईट काम करण्यास जमले नव्हते. एके ठिकाणी भक्ती होती, दुसऱ्या ठिकाणी मुलांचा आनंद होता. चांगला हेतू पाण्याला दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल, "मग जिचे मूल गेले त्या आईलाच तुम्ही दोषी ठरवता काय?" हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न आपल्या प्रभूनेच लोकांपुढे ठेवला आणि स्वच्छ 'नाही' असे उत्तर दिले. तेव्हा मेलेल्यांवर वा शोक करणाऱ्यांवर बोट ठेवण्याचे काम आपले नव्हे. परंतु प्रभू तेथे थांबला नाही. ऐकणाऱ्यांनी आपल्याकडे वळून पाहावे असे त्याने बजावले. दोष कोणाचा, हा मागे पाहणारा प्रश्न आहे. जबाबदारी कोणाची, हा पुढे पाहणारा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे अंतिम उत्तर देवापाशी राहू द्यावे. दुसऱ्याचे उत्तर आपण द्यावयाचे आहे, आणि ते एकट्या आईने नव्हे, सगळ्या मंडळीने.

बांगलादेशातील अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तेथे घरोघरी तळी आहेत आणि लहान मुले बुडण्याचे प्रमाण फार मोठे. लोक ते नशीब म्हणून सोशीत आले होते. अभ्यास करणाऱ्यांनी वेळा टिपल्या तेव्हा दिसून आले की बहुतेक मुले घराजवळच आणि सकाळच्या प्रहरी, आई स्वयंपाकात व कामात गुंतलेली असताना बुडतात. तेव्हा गावागावांत 'आंचल' नावाची बालघरे सुरू झाली. गावातीलच एखादी शिकवून तयार केलेली बाई सकाळी नऊ ते दुपारी एक एवढाच वेळ लहान मुलांना सांभाळते. त्या मुलांत बुडण्याचे प्रमाण पुष्कळच घटले. विचार करा, वाचकहो. ज्या मरणाला ठराविक वेळ आहे आणि जे चार तासांच्या पहाऱ्याने मागे हटते, त्याला देवाची इच्छा म्हणणे म्हणजे देवाची निंदा नव्हे काय? आणि त्या आयांचे प्रेम आधी कमी होते असे कोण म्हणेल? त्यांच्याजवळ प्रेम भरपूर होते, हात दोनच होते. शेजारणीचे दोन हात जोडले गेले तेव्हा मूल वाचले. दरवर्षी आपल्या देशात तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. त्यांतील मुलांच्या आयांनाही असेच कोणाचे तरी हात हवे आहेत.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. "देव राखणारा असता आम्ही दोर आणि डबे कशाला बाळगावेत?" मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे प्रभूला कोणी सुचवले होते ते आठवावे. त्याने उडी टाकली नाही. सावधगिरीत अविश्वास नसतो. उलट देवाला कसोटीला लावण्यात तो असतो.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार दिवसांनी उमगली. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतावर आम्ही कितीतरी प्रवचने दिली आणि दरवेळी त्याच्या कळवळ्याची स्तुती केली. परंतु त्याच्यापाशी तेल व द्राक्षारस होता, आणि जखम कशी बांधावी हे त्याला ठाऊक होते, याकडे आमचे लक्ष गेलेच नव्हते. वाटेवर तो जखमी माणूस भेटल्यानंतर तो शिकावयास गेला नाही. नदीकाठी आम्हांला कळवळा काय कमी होता? आम्ही छाती पिटली, आक्रोश केला. आमची पिशवी मात्र रिकामी होती. अज्ञान हे नेहमीच पाप असते असे नाही. पण ज्याने दुसऱ्याची लेकरे पाण्याकाठी नेण्याचे पत्करले, त्याचे टाळता येण्याजोगे अज्ञान पापाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते. शिकता येत असून न शिकणे ही प्रेमातलीच उणीव होय.

म्हणून काय शिकावे, ते थोडक्यात सांगतो. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात हलवून हाका मारीत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असता त्याला श्वास पुरत नाही, मग हाक कोठून येणार? तेव्हा पाण्यातले मूल एकाएकी गप्प झाले तर तीच हाक समजावी. न पोहणाऱ्याने मागे उडी टाकू नये. एकाऐवजी दोन जातात. काठी पुढे करावी. दोर, झाकण लावलेला रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब, जे तरंगते ते फेकावे. २०२० साली तामिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणाजवळ तीन स्त्रियांनी अंगावरच्या साड्या सोडून बुडणाऱ्यांकडे टाकल्या आणि दोन तरुणांना ओढून काढले. लाजेपेक्षा जीव मोठा, हे त्यांना कोणी प्रवचनातून शिकवले नव्हते.

मूल बाहेर आले की कठीण जमिनीवर उताणे ठेवावे. हाक मारूनही ते जागे होत नसेल आणि श्वास नसेल, किंवा नुसतेच आचके येत असतील, तर दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ पाहत बसू नये. एकाने १०८ वर फोन करावा, दुसऱ्याने लगेच कामाला लागावे. डोके किंचित मागे करून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. छाती वर येते की नाही ते पाहावे. तान्ह्या मुलाचे तोंड व नाक एकदमच आपल्या तोंडात घ्यावे. त्यानंतर छातीच्या मध्यावर तळहाताने, तान्ह्याच्या बाबतीत दोन अंगठ्यांनी, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश इतके खोल दाबावे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने तीस दाब, मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत किंवा मूल श्वास घेऊ लागेपर्यंत थांबू नये. यालाच सर्वत्र सीपीआर म्हणतात. मेंदूला प्राणवायूवाचून चार-सहा मिनिटांतच इजा होऊ लागते. दवाखाना दूर असतो, काठावरचा माणूस जवळ असतो. उलटी झाली तर मुलाला कुशीवर वळवून तोंड साफ करावे. मूल शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्यावेच, कारण काही तासांनी श्वास पुन्हा बिघडू शकतो.

आणि जे करू नये तेही लक्षात ठेवावे. उलटे टांगू नये, खांद्यावर घेऊन गरगर फिरवू नये, पोट दाबू नये. अमूल्य मिनिटे त्यातच जातात आणि पोटातले पाणी फुप्फुसात उतरू शकते. बुडालेल्याला मिठात झाकून ठेवले तर जीव परत येतो, असा निरोप मोबाइलवर फिरत असतो, आणि आमच्या कर्नाटकात दुःखी आईबापांनी तसे केलेही आहे. त्यांना हसू नये. वेळेवर कोणी खरे शिकवले असते तर त्यांनी खोट्याचा आधार घेतला नसता.

ही विद्या वाचून येत नाही, हाताने करून येते. त्यासाठी जी बाहुली वापरतात तिची कथाही सांगण्याजोगी आहे. नॉर्वे देशातील ओस्मुंड लेर्डाल हे खेळण्यांचे कारखानदार. त्यांचा लहान मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला. त्यांनीच त्याला वेळेवर बाहेर काढले होते. पुढे डॉक्टरांनी शिकवणीसाठी बाहुली करून मागितली तेव्हा त्यांनी ते काम मनावर घेतले आणि १९६० साली ती तयार झाली. आपले मूल वाचले म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले असतील. पण त्यांच्या हातून जे झाले ते इतरांच्या मुलांना पुरले. आपल्या मंडळीत एखादी परिचारिका वा डॉक्टर असतोच. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचे शिकवणी वर्गही असतात. वर्षातून एका शनिवारी शिक्षकांनी एकत्र जमून गुडघ्यांवर बसावे. गुडघ्यांवर बसण्याची आपल्याला सवय आहेच.

शुनेमकरणीचा मुलगा निपचित पडला तेव्हा अलीशाने दार लावून घेतले आणि आधी प्रार्थना केली. मग तो मुलावर पालथा पडला आणि त्याने त्याच्या तोंडाला तोंड लावले. तो चमत्कार होता, आणि चमत्कार देवाचे. पण प्रार्थना आणि श्वास या दोन्ही गोष्टी त्या एकाच खोलीत झाल्या, हे आम्ही नदीकाठी विसरलो होतो.

आता आम्ही सहलीला निघतो तेव्हा मुलांच्या जोड्या लावतो. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरावयाचा आणि शिट्टी वाजली की वर करावयाचा. एक शिक्षक फक्त पाण्याकडे पाहत बसतो. त्याला गीत नाही, खेळ नाही, गप्पा नाहीत. दोर आणि रिकामे कॅन पिशवीत असतात. दर अर्ध्या तासाने आम्ही मोठ्याने मोजतो. मुले कंटाळतात, मोठी मुले आमची नक्कल करून हसतात. हसू द्यावे.

ती आजी आता प्रभूजवळ आहे. आम्ही तिची क्षमा मागितली होती. तिने आमच्या डोक्यावर हात ठेवला, काही बोलली नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या नातवासाठी आमच्याजवळ कधीच नसणार. परंतु पुढच्या रविवारी आपण सारे जेव्हा संडेस्कूलची हजेरी घेऊ, तेव्हा वहीतले प्रत्येक नाव हे कोणाच्या तरी घरचे लेकरू आहे आणि ते आपल्या हाती सोपवलेले आहे, एवढे ध्यानात ठेवू. मोजणे ही लहान गोष्ट आहे. नव्याण्णव रानात ठेवून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाला एक कमी आहे हे कळले, कारण त्याने आधी मोजली होती.